आवाजाला वास असतो

जगात वाईट माणसं नाहीत, नीट चूळ न भरलेली माणसं तेवढी आहेत, असं मनापासून मानणारा एकच गृहस्थ मी आजवर पाहिला, आणि तो पोलादपूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होता. भावाभावांची भांडणं, सासूसुनांचे अबोले, मोडलेल्या सोयरिकी, पंचायतीतले दोन गट, या सगळ्यांच्या मुळाशी त्यांना एकच कारण दिसे. "माणूस माणसापासून हातभर लांब उभा राहतो ना गुरुजी, तिथून सगळं सुरू होतं," असं ते म्हणत, आणि म्हणताना स्वतः इतके जवळ येत, की त्यांच्या तोंडाचा लवंगेचा मंद वास समोरच्याला यायचाच. तो यावा म्हणूनच ते जवळ येत.

सत्तरच्या दशकाच्या मध्यावर मी पोलादपूरच्या हायस्कुलात मराठी शिकवायला लागलो. बाजाराच्या टोकाला एका कौलारू घराच्या दोन खोल्या भाड्यानं दिलेल्या होत्या. एकीत मी राहायला गेलो, दुसरीत ते आधीपासून होते. चाळिशी उलटलेले, एकटे, अंगानं शिडशिडीत. कायम पांढरा शर्ट, आणि खिशात जिथे लोक पेन लावतात तिथे कडुलिंबाची काडी. त्यांचं नाव गावात कुणाच्या तोंडी मी ऐकलं नाही. वाड्यावस्त्यांवरचे लोक 'आपरेटर' म्हणत, बाजारातले 'ऑपरेटरसाहेब'. मीही तेच म्हणू लागलो.

त्यांची सकाळ नदीवर सुरू होई. महाबळेश्वरच्या डोंगरातून उतरलेलं धुकं सावित्रीच्या पात्रावर सायीसारखं धरलेलं असायचं, आणि त्या धुक्यात कुठूनतरी खळखळ ऐकू यायची. नवख्याला वाटावं, नदीच वाहतेय. ते ऑपरेटर चुळा भरत असत. आधी तांब्याभर पाणी पोटात. मग काडीचं टोक चावून त्याचा कुंचला, मग एकेका दाताची आतून-बाहेरून विचारपूस, मग तीच काडी मधोमध चिरून, तिची कमान करून जिभेवरून हलक्या हातानं तीनदा. "दात सगळेच घासतात. जिभेकडे कुणी बघत नाही," ते म्हणत. "घरभर केर काढायचा आणि सतरंजी तेवढी झटकायची नाही, असं आहे ते." शेवटी बारा चुळा. त्यानंतर तोंड मिटून, नुसत्या नाकानं श्वास घेत, धुकं विरेपर्यंत ते खडकावर बसून राहत. त्यांच्या शेजारी बसलं की आपल्यालाही आतून कुणीतरी धुऊन काढल्यासारखं वाटे. डोंगर हळूहळू दिसू लागत, पलीकडच्या काठावर एखादं जनावर पाण्याला येई, आणि ते त्याच्याकडे अशा मायेनं बघत, की त्याला जीभ घासायला शिकवावी असं त्यांच्या मनात येत असावं.

ओळख होऊन आठवडाही झाला नसेल, एका संध्याकाळी त्यांनी मला विचारलं, "गुरुजी, तुमच्या वर्गात पुढचं बाक रिकामं असतं का?"

असतं, मी म्हणालो. मुलं मला जरा वचकून असतात, हेही थोड्या अभिमानानं सांगितलं.

"वचकून नाही," ते म्हणाले. एखाद्याच्या घरची वाईट बातमी सांगावी तसा त्यांचा आवाज खाली आला होता. "तुम्ही सकाळी नुसत्या चहावर निघता. दुपारपर्यंत पाण्याचा घोट घेत नाही. मधल्या सुट्टीत कांदाभजी. राग मानू नका, पण हे तुम्हाला दुसरं कुणी सांगणार नाही."

मी राग मानला. दोन दिवस बोललो नाही. तिसऱ्या दिवशी माझ्या दाराशी कडुलिंबाची काडी, जीभ खरवडायची तांब्याची पट्टी आणि बडीशेपेची पुडी ठेवलेली होती. चौथ्या दिवशी कुणी बघत नाही असं पाहून मी जीभ खरवडली, आणि पट्टीवर जे आलं ते पाहून माझा राग ऑपरेटरांवरून उठून माझ्यावरच येऊन बसला. मग मी सकाळी भाकरी खाऊन निघू लागलो, वर्गात पाण्याची बाटली ठेवू लागलो, चहानंतर चूळ भरू लागलो. महिन्याभरात पुढच्या बाकावर आधी एक मुलगी येऊन बसली, मग दोघी, मग बाक भरलं. तुमचा धाक कमी झाला की काय, अशी हेडमास्तरांनी चौकशी केली.

हेडमास्तरही त्यांच्या तावडीतून सुटले नव्हते. ते एकादशी करत, आणि मी आईच्या सांगण्यावरून पौर्णिमेचा उपोसथ, म्हणजे आम्हा बौद्धांचा उपास, धरत असे. ऑपरेटरांना दोन्ही सारखेच नामंजूर. रिकाम्या पोटाचा वास लवंगेनं झाकतो पण जात नाही, असं त्यांचं म्हणणं. "उपास करा, पण तासातासाला पाणी प्या, आणि दिवसभर मौन धरा," असा मध्यम मार्ग त्यांनी काढला. मला तो जमला नाही. हेडमास्तरांनी मात्र तो मनावर घेतला, आणि त्यांच्या घरच्या मंडळींनी पुढच्या एकादशीला ऑपरेटरांकडे फराळाचं ताट पाठवलं.

त्यांच्या सगळ्या सवयींत झोपायची सवय सर्वांत भयंकर होती. तोंड उघडं ठेवून झोपलं की ते आतून वाळतं आणि वाळलं की वास धरतं, हे त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. म्हणून रात्रपाळी करून आले की ते दुपारी हनुवटीखालून डोक्यावर पांढरं फडकं बांधून उताणे झोपत, हात छातीवर. एकदा घरमालकीणबाई ताकाचा गडू घेऊन त्यांच्या खोलीत गेल्या. गडू तिथेच पडला. अर्ध्या तासात बाजार लोटला. कुणी बांबू बघायला गेलं, कुणी एक्स्चेंजमध्ये जाऊन त्यांच्या भावाला ट्रंककॉल लावायला सांगितलं, आणि तिथल्या पाळीवरच्या माणसानं डोळे पुसत तो अर्जंट म्हणून लावायला घेतला. एवढ्या गलक्यानं ऑपरेटर उठून बसले. निम्मी गर्दी अंगणात पळाली. त्यांनी शांतपणे फडकं सोडलं, दारातल्या माणसांवरून नजर फिरवली आणि विचारलं, "दुपारची जेवणं झालेली दिसतात. चुळा किती जणांनी भरल्या?"

एक्स्चेंज हे त्यांचं देऊळ होतं. एका खोलीत भिंतीला टेकून तो बोर्ड, त्यावर भोकांच्या रांगा, खाली लोंबणाऱ्या दोऱ्या. फोन आला की छोटं झाकण टपकन पडे, आणि ते दोरीचं टोक भोकात खुपसून एका माणसाला दुसऱ्याशी जोडून देत. ट्रंककॉलला आलेल्या माणसाला आधी माठातलं पाणी, मग खिडकीबाहेर चूळ, मग पितळी डबीतली बडीशेप, आणि मगच फोन मिळे. "आवाजाला वास असतो," ते गंभीरपणे सांगत. "तिकडच्या माणसाला तो जाणवतो. फक्त काय जाणवलं ते त्याला कळत नाही. तो म्हणतो, आज भाऊ नीट बोलला नाही."

एकदा कशेडीकडच्या एका वाडीवरून एक म्हातारी आली. मुलगा मुंबईला गिरणीत होता. मी तिथे स्टुलावर बसलो होतो.

"आजी, मिश्री लावून आलात. आधी चूळ भरा," ऑपरेटर म्हणाले.

"कशाला रे?"

"लेकाला तुमचा आवाज गेला पाहिजे. मिश्रीचा वास नको."

म्हातारी हसली. "माज्या लेकाला तोच वास म्हायत हाय. तो नाय गेला त बोलंल, ही कोन दुसरीच बाय बोलते."

त्यांनी मुकाट्यानं दोरी उचलली आणि तिला जोडून दिलं.

या सगळ्याचं मूळ मला एका रविवारी नदीवर कळलं. तरुणपणी ते एका दूरच्या शहरातल्या मोठ्या एक्स्चेंजमध्ये शिकाऊ म्हणून लागले होते. एका बोर्डावर पाळीपाळीनं तिघेजण बसत. तोंडापुढे धरायचा फोन तिघांचा एकच. ते उठले की पुढच्या पाळीचा सहकारी बसण्याआधी खिशातून रुमाल काढून तो फोन पुसायचा. माणूस टापटिपीचा असेल, असं त्यांना वाटलं. मग एकदा त्यांनी दाराआड थांबून पाहिलं. तिसरा माणूस उठला तेव्हा तो सहकारी तसाच बसला, रुमाल काढला नाही.

"म्हणजे तो फक्त माझ्यानंतर पुसायचा," ते म्हणाले. पाण्यात पाय सोडून ते बसले होते. "दीड वर्ष पुसत होता, गुरुजी. एकदा सांगितलं असतं तर मी एक दिवस रडलो असतो आणि मोकळा झालो असतो. तेव्हा ठरवलं, आपण पुसणाऱ्यांतले व्हायचं नाही. सांगणाऱ्यांतले व्हायचं."

त्यांचं तोंड सुधारलं, पण मनातला रुमाल काही गेला नाही. मुलगी बघायला ते कधी गेलेच नाहीत. समोर बसलेल्या मुलीनं मान जरा जरी वळवली, तर ती लाजेनं वळवली की आणखी कशानं, हे आपल्याला आयुष्यभर कळणार नाही, असं ते म्हणत.

आणि तरीही त्यांचं एका बाईशी रोज बोलणं होतं. पोलादपूरचा बाहेरगावचा फोन महाडवरून जाई, आणि महाडच्या बोर्डावर त्या बाई होत्या. लवकर वैधव्य आलेल्या, म्हाताऱ्या वडिलांबरोबर राहणाऱ्या. इकडून ते "पोलादपूर" म्हणत, तिकडून "महाड" असं उत्तर येई. मग काम होई, आणि कामं नसतील तेव्हा दुसरं काहीतरी. शेजारी बसलं की हेडफोनमधून तो आवाज मला बारीक ऐकू येई. घागरीत पाणी पडावं तसा भरलेला, हसरा आवाज.

"तुमच्याकडं धुकं आहे का?"

"आहे. तुमच्याकडं?"

"विरलं. पण नदी भरून चाललीय."

"ते पाणी इकडनंच येतं," ऑपरेटर म्हणत. "सकाळी मी चूळ भरलेलं पाणी आत्ता तुमच्या घाटापाशी पोचलं असेल."

त्यावर त्या इतक्या हसत, की दोन गावांमधली तार हलत असावी. त्यांच्याशी बोलण्याआधी ऑपरेटर न चुकता चूळ भरत, आणि त्या तिकडे थांबून राहत. "झाली?" असं विचारत, मग बोलत. पाच वर्षं हे असं चाललं होतं. महाडची एसटी पाऊण तासात पोचवते, पण दोघांनी एकमेकांना पाहिलेलं नव्हतं.

मग महाडला कारखाने येऊ लागले, फोन वाढले, आणि आता आपोआप लागणारे फोन येणार अशी बोलवा उठली. बोर्ड जाणार, दोऱ्या जाणार. मी म्हटलं, एकदा भेटून या.

"तार मधे आहे ते बरं आहे," ते म्हणाले. "तारेवर माझं तोंड त्यांच्यापासून वीस किलोमीटर आहे."

पण बोर्ड गेला तर तारही जाणार, हे त्यांना कळत होतं. शेवटी एका रविवारी ते मला सोबत घेऊन निघाले. त्याआधी दोन दिवस त्यांनी कांदा, लसूण आणि जिवापाड आवडणारी सुकट सोडली होती. वाटेत एसटी जिथे जिथे थांबली तिथे तिथे ते उतरून चूळ भरून आले. कंडक्टर ओळखीचा होता. तो प्रत्येक थांब्यावर डबल बेल द्यायचा थांबून म्हणायचा, "आपरेटर, झाली का? सोडू गाडी?"

बाईंचं घर एका अरुंद गल्लीत होतं. दार त्यांनीच उघडलं. तोंडावर पदर धरलेला होता. आत वडील खाटेवर झोपले होते. आम्ही बसलो, आणि त्या स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून, आमच्यापासून शक्य तितक्या लांब उभ्या राहिल्या. तारेवर घागरीसारखा वाहणारा तो आवाज इथे थेंबाथेंबानं येत होता. "बसा." "साखर चालते ना?" पदर काही खाली येत नव्हता. मला वाटलं, आम्ही आलेलं आवडलं नाही. मग चहा देताना त्या वाकल्या, दोन्ही हातांत कपबशा होत्या, पदर निसटला. क्षणभरच. हिरड्या लालभडक सुजलेल्या दिसल्या, आणि जे जाणवायचं ते मला जाणवलं. मी धास्तावून ऑपरेटरांकडे पाहिलं. ज्या माणसानं गावातल्या एकालाही सोडलं नव्हतं, तो आता काय बोलणार?

ते चहा प्यायले. चहा छान झालाय म्हणाले. पावसाचं थोडं बोलले. मग आम्ही उठलो.

परतीच्या गाडीत पोलादपूर जवळ येईपर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते. शेवटी म्हणाले, "गुरुजी, आज मी पुसणाऱ्यांतला झालो."

दुसऱ्या दिवसापासून मात्र तारेवर एक वेगळंच बोलणं सुरू झालं. धुक्याचं विचारून झालं की ते स्वतःचं काहीतरी सांगायचे. "काल मी झोपण्याआधी कोमट पाण्यात मीठ घालून गुळण्या केल्या. फार बरं वाटलं." आणखी एका दिवशी, "मी आता जेवल्यावर पेरू खातो, दात आपोआप साफ होतात." मग, "जीभ घासताना फार जोर लावू नये, असं माझ्या ध्यानात आलंय." एखाद्यानं रोज एक फूल पाठवावं तशी रोज एक सवय महाडला जायची. पलीकडून त्या "हं" म्हणत. पंधरा दिवस झाले असतील. एका दुपारी मी स्टुलावर बसलेला असताना पलीकडून आवाज आला, "ऑपरेटरसाहेब, हे सगळं तुमचं म्हणून सांगता, पण माझ्यासाठी असतं ना? मग सरळ सांगा."

बोर्डावर एक झाकण टपकन पडलं. कुणाचा तरी फोन वाट बघत होता. माझ्या माहितीत त्यांनी पहिल्यांदाच तो तसाच राहू दिला.

"हिरड्या दुखतात का?" त्यांनी विचारलं.

"दोन वर्षं झाली," त्या म्हणाल्या. "घासलं की रक्त येतं. वास येतो, तेही मला कळतं. माणसं बोलता बोलता मागं सरतात. म्हणून तर हा बोर्ड मला बरा वाटतो. इथं कुणी मागं सरत नाही."

"त्याला काडी आणि चुळा पुरायच्या नाहीत. दातांच्या डॉक्टरांना दाखवायला हवं. मी येतो बरोबर."

"आणि मग?"

"मग काही नाही," ते म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. "एकदा पदर खाली घेऊन माझ्याशी पाच मिनिटं बोला. तेवढंच."

पुढचे काही बुधवार ते सुट्टी काढून महाडला जात राहिले. डॉक्टरांनी दात साफ करून दिले, दोन काढले, औषधं दिली. उरलेलं काम मिठाच्या गुळण्यांनी आणि ऑपरेटरांच्या शिकवणीनं केलं. चार महिन्यांनी एका सकाळी ते मला म्हणाले, चला, स्टँडवर जाऊ. महाडची गाडी लागली. बाई उतरल्या आणि सरळ त्यांच्यापाशी येऊन, हातभरही अंतर न ठेवता उभ्या राहिल्या.

"महाड," त्या म्हणाल्या.

"पोलादपूर," ते म्हणाले.

त्यांचं लग्न नोंदणी पद्धतीनं झालं. साक्षीदार म्हणून माझी सही आहे. दहा-बारा माणसांचं जेवण होतं, आणि हात धुवायच्या जागी भरलेल्या तांब्यांची ओळ मांडून ऑपरेटर स्वतः उभे होते. चूळ भरल्याशिवाय त्यांनी कुणाला आशीर्वाद देऊ दिला नाही. पुढे ते महाडलाच राहायला गेले, बोर्ड गेला, दोघांना दुसऱ्या टेबलांवर बसवलं, आणि माझीही अलिबागकडे बदली झाली.

ऐंशीचं दशक सरत आलेलं असताना मी एकदा त्यांच्याकडे गेलो. दुपार कलली होती. दोघं ओटीवर बसले होते. ते वाळले होते, केस पांढरे झाले होते. मी बोलू लागलो, आणि ते माझ्याकडे बघून नुसते हसत राहिले. कानाला सतत हेडफोन लावून इतकी वर्षं काढलेली. आता दोन्ही कानांनी जवळजवळ काहीच ऐकू येत नाही, असं बाईंनी सांगितलं. लांबून कितीही ओरडा, उपयोग नाही. काय सांगायचं ते मला सांगा, त्या म्हणाल्या.

मी विचारलं, आमच्या अलिबागकडे कधी येणार?

बाई त्यांच्याकडे सरकल्या, एक हात त्यांच्या खांद्यावर ठेवला, आणि ओठ जवळजवळ कानाला टेकवून माझा प्रश्न त्यांना सांगू लागल्या. एवढ्याशा प्रश्नाला इतका वेळ लागत नाही. त्या आणखीही काही सांगत असाव्यात. ते डोळे मिटून, मान जराही न हलवता ऐकत होते. गल्लीतून सायकलच्या घंटा वाजत गेल्या, समोरच्या कौलांवरचं ऊन हळूहळू वर सरकलं. माझ्या गाडीची वेळ झाली होती. उत्तरासाठी न थांबता मी पायरीवर बसून चपला घातल्या.